टेरीची धाव आणि आमचा शनिवार-रविवार

पैसे द्यायचेच असतील तर मुकाट्याने द्यावेत. त्यासाठी भल्या पहाटे उठून चार-पाच मैल पळायचे कशाला? हा प्रश्न आपल्याकडच्या कोणाही सरळ माणसाला पडेल. आपली देण्याची रीत साधी. दारी आलेल्याकडून वर्गणीची पावती घ्यावी, देवळातल्या पेटीत नाणे टाकावे, आणि फारच मन भरून आले तर बायकोला न विचारता शंभराची नोट काढून द्यावी. पण गेल्या पन्नासेक वर्षांत जगभर एक निराळीच रीत रुजली आहे. चांगल्या कामासाठी पैसा जमवायचा म्हणून माणसे रस्त्यावर येऊन धावतात. पहिला कोण आला याची कोणी चौकशी करीत नाही. म्हणूनच हिला ‘फन रन’, म्हणजे मजेची धाव म्हणतात. आपल्या मुंबईतही २००४ पासून मॅरेथॉन होते, आणि तिच्यातल्या सुमारे सहा किलोमीटरच्या ‘ड्रीम रन’मध्ये खऱ्या धावपटूंपेक्षा पाट्या घेतलेले, सोंगे काढलेले, साडी नेसून चालणारे लोकच अधिक असतात. संस्थांना त्यातून मोठा निधी मिळतो, हे खरे. पण मला मात्र तो सारा प्रकार बरीच वर्षे हौसेचाच वाटत असे.

या प्रश्नाचे मला पटेल असे उत्तर मिळाले ते कॅनडात, आणि तेही एका पायाच्या मुलाकडून. तो मुलगा जाऊन आता चाळीस वर्षांवर लोटली. पण त्याची ओळख करून दिल्यावाचून पुढचे सांगण्यात अर्थ नाही.

टेरी फॉक्स हा १९५८ साली जन्मलेला, ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या पोर्ट कोक्विटलम गावी वाढलेला, बास्केटबॉलचे वेड असलेला पोरगा. १९७७ मध्ये, अठराव्या वर्षी, त्याचा उजवा गुडघा दुखू लागला. निदान झाले हाडाच्या कर्करोगाचे, आणि गुडघ्याच्या वर वीतभर अंतरावर पाय कापावा लागला. पुढे सोळा महिने औषधोपचार चालले. डॉक्टरांनी त्याला सांगितले होते की वाचण्याची शक्यता शंभरात पन्नास. पण दोनच वर्षांपूर्वी हा आजार झाला असता तर ती शंभरात पंधराच असती. हा हिशेब पोराच्या डोक्यात पक्का बसला. दोन वर्षांत पंधराचे पन्नास झाले ते कशाने? संशोधनाने. आणि संशोधन कशाने होते? पैशाने. रुग्णालयात त्याच्या आसपासच्या खाटांवर लहान मुले होती, काही घरी परतली नाहीत. ती त्याच्या डोळ्यांसमोरून हलेनात.

त्याने ठरवले, सारा कॅनडा धावत ओलांडायचा, पूर्वेच्या समुद्रापासून पश्चिमेच्या समुद्रापर्यंत. आईला ही कल्पना निव्वळ वेडेपणाची वाटली, आणि कोणत्या आईला वाटणार नाही? चौदा महिने त्याने सराव केला. १२ एप्रिल १९८० रोजी न्यूफाउंडलंडमधल्या सेंट जॉन्स बंदरावर अटलांटिकच्या पाण्यात त्याने आपला कृत्रिम पाय बुडवला आणि तो निघाला. मागून एक मोटारगाडी, ती हाकणारा त्याचा मित्र. बस्स, एवढाच सरंजाम! त्या काळचा कृत्रिम पाय धावण्यासाठी केलेला नव्हता. त्यातली स्प्रिंग पुन्हा जागेवर यायला क्षणभर लागे, तेवढ्यात हा चांगल्या पायावर एक जादा उडी घेई. उडी आणि पाऊल, उडी आणि पाऊल, असे रोज सुमारे ४२ किलोमीटर! म्हणजे दररोज एक मॅरेथॉन. पायाच्या थोट्याला फोड येत, रक्त येई. वाटेत वादळे आणि हिमवर्षाव झाला. क्वेबेक प्रांतात तर भाषाच येईना, आणि झोळीतही फारसे काही पडेना.

पण पोर्ट ऑ बास्क नावाच्या गावाने त्याला एक हिशेब शिकवला. गाव दहा हजार वस्तीचे. त्याने दहा हजार डॉलर दिले. म्हणजे माणशी एक डॉलर! मग साऱ्या देशानेच माणशी एक डॉलर का देऊ नये? कॅनडाची वस्ती तेव्हा दोन कोटी चाळीस लाखांच्या आसपास होती. टेरीने तेवढेच मागितले, अधिक नाही. हे वाचताना मला आपल्या अंताजी दामोदर काळ्यांच्या पैसा फंडाची आठवण झाली. माणशी एक पैसा मागत महाराष्ट्रात झोळी फिरवायची ही त्यांची कल्पना, आणि त्या पैशांतून १९०८ मध्ये तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. श्रीमंताकडून लाख मागणे सोपे. लाखांकडून एकेक पैसा मागायला पाय झिजवावे लागतात. टेरीने ते अक्षरशः झिजवले.

१ सप्टेंबर १९८० रोजी, थंडर बे या गावाजवळ, १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर धावून झाल्यावर त्याला खोकला आवरेना, छातीत दुखू लागले. कर्करोग फुप्फुसांत पोहोचला होता. धाव तिथेच थांबली. १९८१ च्या फेब्रुवारीपर्यंत देशाने माणशी एक डॉलर पुरा केला; २८ जूनला टेरी गेला, तेविसावा वाढदिवस महिन्यावर आलेला असताना. त्याच वर्षी सप्टेंबरात त्याच्या नावाची पहिली धाव झाली आणि तिच्यात तीन लाख माणसे उतरली. तेव्हापासून ती दर सप्टेंबरात होते. आजवर तिच्यातून आणि तिच्या शाखांतून ८५ कोटी डॉलरांहून अधिक रक्कम कर्करोगाच्या संशोधनासाठी जमली आहे. टेरीला झालेल्या हाडाच्या कर्करोगात आता वेळीच उपचार मिळाले तर बहुतेकांचा पाय कापावा लागत नाही, आणि रोग पसरलेला नसेल तर तिघांतले दोघे तरी वाचतात.

आता आमच्या शनिवार-रविवारकडे वळते. २०२४ च्या सप्टेंबरात मी लेकीकडे होते, टोरोंटोजवळच्या मिसिसॉगा शहरात. त्या वर्षी टेरीची धाव नेमकी गणपतीच्या दिवसांत आली, आणि लेकीच्या घरी जी धांदल उडाली तिला तोड नाही! मराठी मंडळाचा गणेशोत्सव शनिवारी संध्याकाळी, धाव रविवारी सकाळी. शुक्रवारी रात्री बारापर्यंत आम्ही मायलेकी सारण परतीत होतो. नारळ गोठवलेला, पिशवीतून येणारा. तो पाणी सोडतो आणि सारण सैल होते, एवढीच माझी त्या देशाबद्दल तक्रार आहे.

शनिवारी सकाळी पंधरा वर्षांच्या नातीबरोबर ‘फूड बँके’त गेले. ही बँक म्हणजे अन्नाचे कोठार. लोक डबे, पिठे, कडधान्ये आणून देतात, आणि ज्याची महिनाअखेर निभत नाही तो येऊन घेऊन जातो. नातीचे काम डब्यांवरच्या तारखा पाहून ते लावण्याचे. ऑन्टारिओ प्रांतात माध्यमिक शाळेचा दाखला मिळवायचा तर चाळीस तास समाजसेवा करावीच लागते. मी म्हटले, “सक्तीची कसली गं सेवा?” तर ती डबा फडताळात ठेवता ठेवता म्हणाली, “आजी, चाळीस तास मागच्याच वर्षी झाले. आता येते ती माझी मी येते.” यावर मी काय बोलणार? मीही एका खुर्चीवर बसून मसुरीची पाकिटे मोजू लागले.

दुपारी शाळेच्या सभागृहात खुर्च्या मांडणे, मखर उभारणे, पानसुपारीचा घोळ. जावईबापूंकडे गाड्या लावून घेण्याचे काम, त्यासाठी चमकते जाकीट. आरती, जेवण, झाडलोट, घरी यायला अकरा. मला वाटले, आता उद्याचे पळणे काही होत नाही. पण सकाळी सातला घर जागे!

बागेतली ती धाव पाहून मला पहिला धक्का बसला तो तिच्या साधेपणाचा. प्रवेशशुल्क नाही. छातीवर क्रमांक नाही. वेळ मोजणारा नाही, बक्षीस नाही. बँकेची, साबणाची, कोणाचीही जाहिरात नाही. टेरीने आपल्या धावेच्या आडून कोणाला माल खपवू दिला नाही, आणि तो नियम आजही पाळतात. एक तंबू, दोन मेजे, कुरळ्या केसांच्या त्या पोराचे मोठे चित्र. पाणी देणारे, वळणावर उभे राहून वाट दाखवणारे सगळे स्वयंसेवक. बाबागाड्या ढकलणारे बाप, कुत्री घेऊन आलेल्या मुली, चाकाच्या खुर्चीतले एक आजोबा. गर्दीत काहींच्या अंगात लाल सदरे होते. नातीने सांगितले, हे स्वतः कर्करोगातून उठलेले लोक. त्यांत एक आठ-नऊ वर्षांची मुलगी होती. ती सगळ्यांच्या पुढे जाऊन उड्या मारीत उभी होती.

नातीने तीन आठवडे आळीत घरोघर जाऊन पैसे मागितले होते. एकाने दार लावून घेतले. एका पंजाबी आजोबांनी वीस डॉलर दिले आणि तिला दारातच थांबवून आपल्या बायकोच्या आजारपणाची हकीकत अर्धा तास सांगितली. इथे माझ्या प्रश्नाचा उलगडा झाला. पोरगी धावते म्हणून पैसे येत नाहीत, ती मागते म्हणून येतात. धाव हे मागण्याला मिळालेले निमित्त. नुसते “कर्करोगासाठी द्या” म्हणायला जीभ रेटत नाही. “मी रविवारी धावणार आहे” म्हटले की बोलणे सुरू होते, आणि समोरचाही बोलू लागतो. हिंगण्याच्या कर्व्यांच्या संस्थेसाठी भाऊबिजेचा निधी मागत बायका दारोदार जातात, त्यांना हे मी सांगायला नको.

मेजावर कोरे कागद ठेवले होते. आपण कोणासाठी धावतो ते त्यावर लिहायचे आणि पाठीला लावायचे. “आजी, तू कोणाचं लिहिणार?” नातीने विचारले.

माझ्या थोरल्या जाऊबाई १९७९ साली वाईच्या घरी गेल्या. सात महिने अंथरुणावर होत्या. त्या सात महिन्यांत त्यांच्या आजाराचे नाव घरात कोणी काढले नाही. डॉक्टर आले की सासरे त्यांना ओसरीवर नेत. आल्या-गेल्याला सांगायचे, “पोटाचा विकार आहे.” त्यांची वाटी-ताटली वेगळी ठेवली होती, का ते कोणी कोणाला विचारले नाही. लग्नघरे होती ना भोवती, मुलींची नावे सुचवली जात होती! त्यांना स्वतःला काय ते ठाऊक होते की नाही, हे मला आजही सांगता येणार नाही.

मी त्यांचे पूर्ण नाव लिहिले, देवनागरीत, मोठ्या अक्षरांत. लाल सदरा घातलेल्या एका चिनी बाईंनी चालता चालता हे कसे वाचायचे म्हणून विचारले. मी सांगितले. त्यांनी ते दोनदा म्हणून पाहिले, दुसऱ्यांदा जवळजवळ बरोबर. मग त्यांनी आपल्या पाठीवरचे नाव मला वाचून दाखवले. ते त्यांच्या बहिणीचे होते. पाच किलोमीटरला आम्हाला सव्वा तास लागला. साडीवर कॅनव्हासचे बूट घालून मी चालले, आणि कोणी वळून पाहिले नाही.

दुपारी बाराला तंबू उतरला. जावयांनी मेजे मिटली, लेकीने केळ्यांच्या साली गोळा केल्या. एक वृद्ध बाई नाण्यांचे ढीग लावून शांतपणे मोजीत होत्या, त्यांच्याशी बोलायची कोणाची छाती झाली नाही.

त्याच महिन्यात धाकट्या नातवाच्या शाळेची धाव व्हायची होती. प्रत्येक मुलाने दोन डॉलरचे नाणे आणायचे. त्याला तिकडे ‘टूनी’ म्हणतात. त्याने रविवारी रात्रीच मागून घेतले. सोमवारी सकाळी ते सापडेना, आणि शाळेची बस कोपऱ्यावर येऊन उभी राहिली तरी सगळे घर गादीखाली, बुटांत, दप्तरात धुंडाळीत होते. शेवटी ते उरलेल्या मोदकांच्या डब्यात निघाले.