जमिनीत राहणारा भुईमूग : भारत आणि चीन

खेड तालुक्यातील शेतकऱ्यास भुईमूग नवा नाही. चाकणच्या बाजार आवारात कांदा-बटाट्याबरोबर भुईमुगाच्या शेंगाही येतात. परंतु शेतात पिकलेली प्रत्येक शेंग बाजारापर्यंत पोहोचत नाही, आणि या तुटीचा हिशेब सहसा मांडला जात नाही.

भुईमुगाच्या उत्पादनात जगात चीनचा क्रमांक पहिला व भारताचा दुसरा आहे. तथापि चीनमध्ये हेक्टरी साडेतीन टनांहून अधिक शेंगा निघतात, तर भारताची सरासरी जवळपास त्याच्या निम्मीच पडते. आपले बहुतेक पीक खरिपात, पावसाच्या भरवशावर असते. चीनमध्ये 1970 च्या दशकाच्या अखेरीपासून प्लॅस्टिकच्या पातळ आच्छादनावर लागवड वाढली. त्यामुळे ओल टिकते व तणही कमी उगवते. मात्र रोग दोन्ही देशांस चुकलेले नाहीत. दक्षिण चीनमध्ये जिवाणूजन्य मर रोग नुकसान करतो. आपल्याकडे टिक्का व तांबेरा एकत्र आल्यास निम्मे पीकही हातचे जाऊ शकते.

यापुढील नुकसान काढणीच्या वेळी होते. पीक फाजील पक्व झाले, पाने रोगाने गळाली अथवा जमीन कडक झाली, की आऱ्या तुटतात व शेंगा मातीतच राहतात. उपट्या जातींच्या बियांना सुप्तावस्था नसल्याने, पाऊस आल्यास त्यांना जागीच कोंब फुटतात.

पिंपरीत 1954 साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. त्यानंतर वाढत गेलेले कारखाने आज चाकणच्या पलीकडे पोहोचले आहेत. घरातील तरुण कामावर जातात व ऐन काढणीत मजूर मिळत नाही. चार दिवसांची दिरंगाई येथे महाग पडते. चीनमध्येही माणसे शहरांकडे गेली. तेथे काढणी यंत्रांचा वापर वाढला. आपल्याकडे चार-पाच शेतकऱ्यांनी मिळून ट्रॅक्टरचलित काढणी यंत्र भाड्याने घेणे हा मार्ग मोकळा आहे.

तूट मोजणे सोपे आहे. काढणीनंतर एक चौरस मीटर जागा खणून त्यातील शेंगा वाळवून तोलाव्यात. 20 ग्रॅम भरल्यास हेक्टरी 2 क्विंटल माल जमिनीत राहिला असे समजावे. ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांनी हा प्रयोग गावकऱ्यांसमोर करून दाखवावा.

बहुतेक शेंगांच्या टरफलाची आतील बाजू काळपट दिसू लागताच, वाफसा पाहून काढणी करावी. शेंगा 8 ते 9 टक्के ओलाव्यापर्यंत वाळवाव्यात. ओल्या शेंगांची थप्पी लावल्यास बुरशी येऊन अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होते. 1960 साली इंग्लंडमध्ये बुरशीयुक्त भुईमुगाच्या पेंडीने एक लाखाहून अधिक टर्की पक्षी दगावले, तेव्हा या विषाचा शोध लागला. बुरशीची शेंग माणसांस वा जनावरांस मुळीच देऊ नये.

पेरा वाढविण्यास जमीन लागते, आणि या पट्ट्यात ती दिवसेंदिवस कमी होत आहे. पिकलेली शेंग वाचविण्यास मात्र केवळ वेळेवर हात लागतो.