इलिनॉय रूट ६६ संघटना

इलिनॉय रूट ६६ संघटना ही अमेरिकेच्या इलिनॉय राज्यातील स्वयंसेवकांची ना-नफा संस्था आहे. शिकागो ते सेंट लुईस या टप्प्यातील जुना रूट ६६ महामार्ग, त्याच्या काठच्या वास्तू आणि त्यावर पोट भरलेल्या माणसांच्या आठवणी जतन करणे, हे तिचे कार्य. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेचे पहिले अध्यक्ष लेखक टॉम टीग होते. जून महिन्यातील वार्षिक मोटार यात्रा व कीर्तिदालनाचा सन्मान हे तिचे प्रमुख उपक्रम होत.

== पार्श्वभूमी ==
रूट ६६ हा महामार्ग ११ नोव्हेंबर १९२६ रोजी अस्तित्वात आला. शिकागोपासून कॅलिफोर्नियातील सांता मोनिकापर्यंत आठ राज्यांतून जाणाऱ्या या मार्गाची लांबी सुमारे ३,९४० किलोमीटर होती. पुढे आंतरराज्य द्रुतगती मार्ग झाले, इलिनॉयमध्ये आंतरराज्य मार्ग ५५ ने त्याची जागा घेतली आणि १९८५ मध्ये रूट ६६ राष्ट्रीय महामार्गांच्या यादीतून वगळण्यात आला. क्रमांक गेला, रस्ता मात्र जागेवरच राहिला. गेली ती वाहतूक आणि तिच्यावर जगणारी दुकाने.

ओडेल हे गाव याचे बोलके उदाहरण आहे. १९३० च्या दशकात येथे वाहनांची एवढी वर्दळ होती की, पादचाऱ्यांना रस्ता ओलांडता यावा म्हणून भुयारी मार्ग बांधावा लागला. नंतर गावाला वळसा घालणारा रस्ता झाला आणि त्या भुयाराचे प्रयोजनच उरले नाही.

== जतनकार्य ==
ओडेल येथेच १९३२ मध्ये बांधलेला स्टँडर्ड ऑइल कंपनीचा पेट्रोल पंप आहे. घरासारखे उतरते छप्पर असलेली ही छोटी इमारत बंद पडून जीर्ण झाली होती. १९९७ मध्ये तिची नोंद ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय सूचीत झाली, १९९९ मध्ये गावाने ती विकत घेतली आणि संघटनेच्या जतन समितीने तिच्या पुनरुज्जीवनास हातभार लावला. या कामाला २००२ मध्ये सायरस एव्हरी पुरस्कार मिळाला. एव्हरी हे ‘रूट ६६ चे जनक’ मानले जातात. जवळच केयूगा येथील धान्याच्या कोठारावर मिझुरीतील मेरामेक गुहांची जुनी जाहिरात आहे. तीही समितीने पुन्हा रंगवली. जाहिरातीचे जतन कशासाठी, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. परंतु प्रवाशाला या रस्त्यावर जे दिसत असे, त्यात अशा भिंतींचा वाटा फार मोठा होता.

== वार्षिक मेळावा व सन्मान ==
मोटार यात्रेत सभासद आपापल्या वाहनांनी, द्रुतगती मार्ग टाळून, जुन्या रस्त्यावरील गावे पाहत जातात. वाटेतील खाणावळींना व दुकानांना यामुळे गिऱ्हाईक मिळते, हा या यात्रेचा प्रत्यक्ष लाभ होय. मेळाव्यातील सहभोजनप्रसंगी कीर्तिदालनातील नव्या नावांचा गौरव होतो. हा मान व्यक्तींप्रमाणेच व्यवसायांना आणि स्थळांनाही दिला जातो. महामार्गाच्या इतिहासात एरवी अभियंते व राजकारणी यांचीच नावे येतात. येथे खाणावळीचे मालक आणि पंपचालक मानकरी ठरतात, हे विशेष.

कीर्तिदालन आरंभी मक्लीन येथील ‘डिक्सी ट्रकर्स होम’ या ट्रकचालकांच्या थांब्यावर होते. २००४ मध्ये ते पॉन्टिॲक येथील जुन्या अग्निशमन केंद्राच्या इमारतीत, संग्रहालयासह, हलवण्यात आले. रूट ६६ चे नकाशे व रेखाचित्रे काढत भटकणारे चित्रकार बॉब वाल्डमायर यांची फोक्सवॅगन व्हॅन याच संग्रहालयात आहे.