नात्यातली सोनोग्राफी आणि न भरलेला एफ फॉर्म

भाईंदर पश्चिमेसारख्या दाट वस्तीच्या उपनगरात, जिथे इमारतींच्या तळमजल्यावर दवाखाना, औषधांचे दुकान आणि तपासणी केंद्र लागून-लागून असतात, तिथे पुष्कळ कुटुंबांच्या गोतावळ्यात वैद्यकीय क्षेत्रातले कोणी ना कोणी असतेच. कोणाचा दीर रेडिओलॉजिस्ट असतो, कोणाची नणंद प्रसूतिगृहात डॉक्टर असते, तर कोणाचा मावसभाऊ डायग्नोस्टिक सेंटरमध्ये टेक्निशियन असतो. घरात दिवस राहिल्याची बातमी फुटली की अशा नातलगाकडून, बहुधा निव्वळ आपुलकीने, सुचवले जाते की सेंटर रिकामे असेल तेव्हा येऊन जावे, मशीनवर एकदा बाळ बघून घ्यावे, पैशांचा प्रश्न नाही आणि कागदपत्रांची कटकटही नाही. या बोलावण्याला हो म्हणावे की नाही, हा प्रश्न घरात सहसा मानपानाच्या अंगाने सोडवला जातो. त्याचे उत्तर कायद्यात आणि वैद्यकशास्त्रात स्पष्ट आहे: नातलग डॉक्टरकडून तपासणी करून घेण्यात गैर काही नाही, परंतु बिननोंदीची तपासणी कोणाकडूनही करून घेऊ नये, मग तो सख्खा भाऊ का असेना.

सोनोग्राफी म्हणजे कानाला ऐकू न येणाऱ्या उच्च वारंवारितेच्या ध्वनिलहरी शरीरात सोडून, त्यांच्या प्रतिध्वनीवरून पडद्यावर चित्र उभे करण्याचे तंत्र होय. ग्लासगो येथील प्रसूतितज्ज्ञ इयान डोनाल्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५८ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या निबंधापासून ते प्रसूतिशास्त्रात रुजत गेले. भारतात गर्भवतीच्या बाबतीत या तंत्राचा वापर ‘गर्भधारणापूर्व व प्रसवपूर्व निदानतंत्र (लिंग निवडीस प्रतिबंध) कायदा, १९९४’ या कायद्याने बांधलेला आहे. व्यवहारात ज्याला पीसीपीएनडीटी म्हणतात, तो हाच. त्यानुसार तपासणीची जागा नोंदणीकृत असावी लागते, तपासणारी व्यक्ती विहित पात्रतेची डॉक्टर असावी लागते, तपासणीला कायद्यात मान्य केलेले वैद्यकीय कारण असावे लागते आणि गर्भवतीची माहिती ठरावीक नमुन्यात लिहून ठेवावी लागते. सेंटरमध्ये काम करणाऱ्या टेक्निशियन नातलगाचा प्रश्न त्यामुळे पहिल्याच पायरीवर निकालात निघतो. ब्रिटनमध्ये गर्भवतीची तपासणी प्रशिक्षित सोनोग्राफर, म्हणजे डॉक्टर नसलेले तंत्रज्ञही करतात, आणि तिथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना ते सवयीचे असते, पण येथे तो अधिकार डॉक्टरांपुरताच आहे. पोर्टेबल मशीन घरी आणून बघण्याचा मार्गही बंद आहे, कारण नियमांनुसार असे मशीन नोंदणीकृत रुग्णालयात दाखल असलेल्या रुग्णांसाठी किंवा फिरत्या वैद्यकीय पथकाचा भाग म्हणूनच वापरता येते.

ज्या कागदपत्रांना कटकट म्हटले जाते, त्यांतला मुख्य कागद म्हणजे एफ फॉर्म. त्यात गर्भवतीचे नाव, वय, पत्ता, आधीच्या अपत्यांची संख्या व त्यांचे लिंग, शेवटच्या पाळीची तारीख, तपासणीसाठी कोणी पाठवले आणि कोणत्या कारणासाठी, तपासणीत काय आढळले, हे सारे नोंदवले जाते. शेवटी गर्भाचे लिंग जाणून घेण्याची आपली इच्छा नसल्याचे गर्भवतीचे आणि ते आपण शोधलेले अथवा सांगितलेले नसल्याचे डॉक्टरचे प्रतिज्ञापन असते. नोंदी किमान दोन वर्षे जपून ठेवाव्या लागतात आणि दरमहा पाच तारखेपर्यंत समुचित प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे या कायद्याच्या अंमलबजावणीसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अहवाल पाठवावा लागतो. एखादा रकाना कोरा राहिला म्हणून डॉक्टरला गुन्हेगार ठरवणे अन्यायाचे आहे, अशी तक्रार रेडिओलॉजिस्ट आणि प्रसूतितज्ज्ञ वर्षानुवर्षे करत आले आहेत, आणि प्रामाणिकपणे काम करणाऱ्या डॉक्टरच्या बाजूने पाहिले तर तिच्यात तथ्य नाही असे म्हणता येत नाही. मात्र प्रसूतितज्ज्ञांच्या राष्ट्रीय महासंघाने केलेल्या याचिकेवर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने ३ मे २०१९ रोजी ही तरतूद कायम ठेवली आणि एफ फॉर्म न भरणे ही केवळ कारकुनी चूक मानता येणार नाही, असे स्पष्ट केले. लिंगनिदान झाले की नाही हे नंतर ताडून पाहण्यासाठी या कागदाखेरीज फारसे काही हाती राहत नाही. नातलगाच्या रिकाम्या सेंटरमधल्या पाच मिनिटांच्या तपासणीत हाच कागद सर्वप्रथम गळतो.

कायदा इतका कडक का झाला, याचे उत्तर शोधायला महाराष्ट्राबाहेर जावे लागत नाही. १९८० च्या दशकात मुंबईत गर्भजल परीक्षा, म्हणजे गर्भाभोवतीचे पाणी सुईने काढून करायची चाचणी, आनुवंशिक आजार शोधण्याऐवजी मुलगी आहे का हे पाहण्यासाठी उघडपणे वापरली जात होती. डॉ. संजीव कुलकर्णी यांनी राज्य सरकारसाठी केलेल्या पाहणीत मुंबईतील ५० स्त्रीरोगतज्ज्ञांपैकी ८४ टक्के जण लिंगनिदानासाठी ही परीक्षा करत असल्याचे आढळले होते. स्त्री संघटना, डॉक्टर आणि कार्यकर्ते यांनी मिळून उभ्या केलेल्या मोहिमेनंतर १९८८ साली महाराष्ट्राने देशातला या विषयावरचा पहिला कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ साली संमत होऊन १ जानेवारी १९९६ पासून लागू झाला. पुढे सेहत, मासूम या संस्था आणि डॉ. साबू जॉर्ज यांनी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितल्यावर अंमलबजावणीला धार आली आणि २००३ साली कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. तरीही सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे मुलींची राज्यातली संख्या १९९१ च्या ९४६ वरून २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४ पर्यंत घसरली, बीड जिल्ह्यात तर ती ८०७ वर आली. कोल्हापूर जिल्ह्यात सोनोग्राफी मशीनला प्रत्येक तपासणीच्या प्रतिमा साठवणारे ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ नावाचे उपकरण जोडण्यात आले, तेव्हा रेडिओलॉजिस्टांच्या संघटनेने त्याला आव्हान दिले, परंतु मुंबई उच्च न्यायालयाने २०११ साली ते फेटाळले.

या इतिहासामुळेच कायद्याने नातलगांचा वेगळा आणि नावानिशी विचार केलेला आहे. कलम ४ सांगते की पती अथवा नातलगासह कोणीही, मान्य कारणांखेरीज, गर्भवतीवर असे तंत्र वापरण्याची मागणी करू नये वा त्यास प्रोत्साहन देऊ नये. कलम ५ नुसार गर्भाचे लिंग तिला किंवा तिच्या नातलगांना शब्दांनी, खुणांनी वा अन्य कोणत्याही रीतीने कळवता येत नाही. बिननोंदीच्या घरगुती तपासणीत नेमके हेच पाळणे कठीण होऊन बसते. बंद खोलीत पडद्यासमोर सासू, नवरा आणि डॉक्टर दीर एकत्र उभे असतात, पहिली मुलगी असते, आणि विचारलेल्या प्रश्नाला उत्तर न देता नुसते हसणे किंवा गप्प होणेही पुरेसे बोलके ठरते. ‘पेढ्यांची तयारी करा’ हे वाक्य सहज उच्चारले गेले तरी त्याचा अर्थ काय घेतला जाईल, हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असते. अनोळखी डॉक्टरला नाही म्हणणे जितके सोपे, तितके ते घरच्या डॉक्टरला सोपे नसते, आणि त्याहून अवघड ते त्या स्त्रीला असते, कारण तपासणीनंतर तिला त्याच घरात नांदायचे असते. कलम २४ तिच्या बाजूने उभे राहते: अन्यथा सिद्ध होईपर्यंत, पतीने किंवा नातलगांनी तिला भाग पाडले असेच न्यायालय गृहीत धरते. या कायद्याखालील गुन्हे दखलपात्र, अजामीनपात्र आणि तडजोड न होणारे आहेत. पहिल्या गुन्ह्यासाठी डॉक्टरला तीन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड, शिवाय दोषी ठरल्यास पाच वर्षांसाठी वैद्यकीय नोंदणीतून नाव काढले जाणे, अशी शिक्षा आहे, तर मान्य कारणांखेरीज तपासणी करवून घेणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आपुलकीपोटी मशीन सुरू करणारा नातलग आपली उभी कारकीर्द पणाला लावत असतो, याचा विचार दोन्ही बाजूंनी क्वचितच होतो.

समजा लिंगाचा विषय मनातही नाही आणि फक्त बाळ सुखरूप आहे ना, एवढेच पाहायचे आहे. तरीही अशी तपासणी ते सांगू शकत नाही, आणि वैद्यकीयदृष्ट्या हा मुद्दा सर्वांत वजनदार आहे. साधारण १८ ते २० आठवड्यांच्या सुमारास होणारी अ‍ॅनोमली स्कॅन, म्हणजे गर्भातील व्यंगांची तपासणी, डॉक्टर एका क्रमाने करतो. मेंदूतील द्रवाने भरलेल्या पोकळीची रुंदी १० मिलिमीटरच्या आत आहे ना, वरचा ओठ अखंड आहे ना, पाठीचा कणा शेवटपर्यंत त्वचेने झाकलेला आहे ना, जठर, मूत्रपिंडे आणि मूत्राशय जागच्या जागी दिसतात ना, हे तो पाहतो. हृदयाचे चार कप्पे दिसले म्हणून तो थांबत नाही, तर हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या रक्तवाहिन्या एकमेकींना ओलांडून जातात की समांतर धावतात, हेही निरखतो, कारण समांतर धावणे हे गंभीर दोषाचे लक्षण असू शकते. वार गर्भाशयाच्या तोंडावर तर आलेली नाही आणि गर्भजल पुरेसे आहे ना, हेही मोजून लिहिले जाते. बाळ पाठ करून असेल तर मातेला कूस बदलायला किंवा थोडे फिरून यायला सांगतात आणि पुन्हा सुरुवात करतात. या साऱ्याला वेळ, शांतता आणि अलिप्त नजर लागते. घाईने जेल लावून, प्रोब फिरवून, हृदयाचे ठोके ऐकवून आणि हाताची बोटे दाखवून ‘सगळं छान आहे’ म्हणणे यात बसत नाही, पण ऐकणाऱ्याच्या मनात मात्र तपासणी झाल्याची खूणगाठ बसते. त्याच समाधानात ११ ते १४ आठवड्यांमधली एनटी स्कॅन, जिच्यात गर्भाच्या मानेमागील द्रवाची जाडी मोजून डाऊन सिंड्रोमसारख्या दोषांचा अंदाज बांधतात, राहून गेली, तर ती संधी परत येत नाही. पुढे गंभीर व्यंग उशिरा सापडले, तर २०२१ च्या दुरुस्तीनंतरच्या गर्भपातविषयक कायद्यानुसार २४ आठवड्यांनंतरचा निर्णय वैद्यकीय मंडळाकडे जातो, आणि ज्या काळात कुटुंबाला शांतपणे विचार करता आला असता, तो काळ खोट्या दिलाशात निघून गेलेला असतो.

उलट बाजूचीही अडचण आहे. नातलगाला व्यंगाची शंका आली, तर ती त्याने सांगायची कशी आणि कोणाला? लेखी अहवाल नसल्याने उपचार करणाऱ्या डॉक्टरपुढे ठेवायला काही नसते, आणि नात्यातली भीड आड आल्यामुळे वाईट बातमी सौम्य करून सांगण्याचा किंवा आधी नवऱ्यालाच सांगण्याचा मोह होतो, जो त्या स्त्रीच्या हक्काला धरून नाही.

खर्च हे या तपासण्यांमागचे खरे कारण अनेकदा असते आणि त्याला हसण्यात अर्थ नाही. परंतु २०११ पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी आरोग्यसंस्थांत गर्भवतीला गरजेची सोनोग्राफी मोफत मिळण्याची तरतूद आहे, आणि प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या नऊ तारखेला तपासणीची खास सोय असते. भाईंदर पश्चिमेला टेंबा येथे भारतरत्न पंडित भीमसेन जोशी यांच्या नावाचे सरकारी रुग्णालय आहे, तेथे चौकशी करणे हा पहिला मार्ग. रक्तस्राव, तीव्र पोटदुखी किंवा बाळाची हालचाल मंदावणे अशी लक्षणे असतील, तर नातलगाचे सेंटर उघडण्याची वाट न पाहता थेट प्रसूतीची सोय असलेले रुग्णालय गाठावे, कारण तिथे तपासणीनंतर लगेच उपचारही होऊ शकतात.

नकार द्यायचा तर तो तुटक असण्याची गरज नसते. ‘भावोजी, तुमच्याच सेंटरला येते, पण डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन येते आणि फॉर्म भरूनच करा,’ एवढे म्हटले तरी पुरते. तपासणीपूर्वी तिला समजेल अशा भाषेत माहिती मिळणे, लेखी संमती घेतली जाणे आणि त्या संमतीची प्रत हाती पडणे हा कायद्याने तिला दिलेला हक्क आहे. अहवाल फाइलला लागला की नातलगाची खरी मदत सुरू होते: त्यातल्या संज्ञा उलगडून सांगणे, पुढची तपासणी कोणत्या आठवड्यात हवी ते बजावणे, दुसरे मत घ्यावे का ते सुचवणे, भेटीच्या वेळी सोबत जाणे. आणि बिननोंदीची तपासणी आधीच होऊन गेली असेल, तर ती उपचार करणाऱ्या डॉक्टरपासून लपवू नये, तीत काय बोलले गेले ते सांगावे आणि तिच्या भरवशावर एनटी अथवा अ‍ॅनोमली स्कॅनची ठरलेली तारीख पुढे ढकलू नये.