जुनी गाडी, नवा रेडिएटर आणि २५४ डॉलर

मंडळाच्या या पानावर एरवी कोलेस्टेरॉल, निवृत्तीची तजवीज, मुलांच्या कॉलेजचा खर्च अशा विषयांवर जाणकार मंडळी लिहितात. मी त्यांतला नव्हे. पदवी इंजिनिअरिंगची असली तरी कामाचा सगळा काळ कीबोर्ड बडवण्यात गेलेला. पाना हातात धरला तो थेट पस्तिशीत, आणि तोही नाइलाजाने. पण संपादकांनी "तो गाडीचा किस्सा आकड्यांसकट लिहाच" अशी गळ घातली, म्हणून हा प्रपंच.

गोष्ट २०२३ च्या मार्च महिन्यातली. माझी नोकरी जाऊन तीन आठवडे झाले होते. नोकरी सुटली की एच-१बी वाल्याला जास्तीत जास्त ६० दिवसांची सवलत मिळते, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेलच. त्या साठातले बावीस सरले होते. गाडी एकच, २००७ सालची, १,४२,००० मैल पळालेली. ती बंद पडली तर मुलीची शाळा, किराणा आणि मुलाखती, सगळेच बंद पडणार होते.

पाडव्याच्या कार्यक्रमाला आम्ही एडिसनहून २८७ ने ब्रिजवॉटरकडे निघालो होतो. मुलगी मागे परकर-पोलके घालून बसलेली. सकाळपासून हीटर कोमट हवा फेकत होता, त्याकडे मी दुर्लक्ष केले. मग गाडीत गोडसर वास आला. मग हीटरमधून चक्क गार हवा यायला लागली आणि तापमानाचा काटा वर सरकू लागला. पुढची एक्झिट दोन मैलांवर होती. मी म्हटले, "तेवढे जाऊ." सौ. म्हणाली, "काटा बघ. आत्ता थांबव." थोडी हुज्जत घालून मी शोल्डरवर थांबलो आणि इंजिन बंद केले.

ती हुज्जत मी हरलो हे या सगळ्या प्रकरणातले सर्वांत मोठे आर्थिक सुदैव. रेडिएटर ही तुलनेने स्वस्त वस्तू आहे. महाग असतात ते काटा चढल्यावर तसेच रेटलेले दोन-तीन मैल. इंजिनाचा वरचा भाग, ज्याला सिलिंडर हेड म्हणतात, तो बहुतेक गाड्यांत ॲल्युमिनियमचा असतो. तो अति तापला की वाकतो, त्याखालचे गॅस्केट जाते, आणि मग दुरुस्तीचा आकडा जुन्या गाडीच्या किमतीलाच जाऊन भिडतो. काटा चढू लागल्यावर एसी बंद करून हीटर पूर्ण सोडला तर थोडी उष्णता बाहेर पडते, हा उपाय खरा आहे. पण कूलंट शिल्लक असेल तरच. आमचा हीटर गार पडला होता याचा अर्थ आत फिरायला कूलंट जवळजवळ उरलेच नव्हते. हीटर अचानक गार आणि काटा वर, असे झाले तर जागच्या जागी थांबावे.

बॉनेट (इथल्या भाषेत हूड) उघडले तर वाफच वाफ. माझा हात आपोआप पाण्याच्या बाटलीकडे गेला. लहानपणी खंडाळ्याच्या घाटात बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या आणि त्यांत पाणी ओतणारे ड्रायव्हर खूप पाहिले होते, त्याचा हा संस्कार! सुदैवाने सौ.ने तोवर मंडळातल्या एका ज्येष्ठ सभासदांना फोन लावला होता. आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. सत्तरच्या दशकात इथे आल्यापासून स्वतःची प्रत्येक गाडी त्यांनी स्वतःच दुरुस्त केली आहे. त्यांचे पहिले वाक्य : "टोपणाला हात लावू नकोस!"

कारण सांगतो. पाणी आणि कूलंट यांचे निम्मे-निम्मे मिश्रण उघड्यावर साधारण १०६ अंश सेल्सियसला उकळते. रेडिएटरचे टोपण आत सुमारे १५-१६ पौंड दाब धरून ठेवते, त्यामुळे तेच मिश्रण १२५ अंशांच्याही पुढे जाईपर्यंत उकळत नाही. टोपण फिरवले की दाब एकदम सुटतो आणि उकळता फवारा थेट तोंडावर येतो. शिवाय तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतले तर धातूला तडा जाऊ शकतो. इंजिन हाताला पूर्ण थंड लागेपर्यंत, म्हणजे तासभर तरी, टोपण उघडायचे नाही. आम्ही टो ट्रकची वाट पाहत बसलो. मुलीचा नाच हुकला. त्या रडण्याचा हिशेब खाली धरलेला नाही.

सोमवारी चौकशी केली. डीलरकडे ११०० डॉलर, एका गॅरेजमध्ये ६४०. दुसऱ्या एकाने गळती बुजवणारी बाटली ओतण्याचा सल्ला दिला. काका म्हणाले, ती गळतीबरोबर हीटरच्या बारीक नळ्याही बुजवते. गाडीच विकून टाकावी, हाही विचार झाला. पण नोकरी नसताना कर्ज कोण देणार? आणि दिले तरी दरमहा हप्ता, शिवाय कर्ज फिटेपर्यंत पूर्ण विमा सक्तीचा. जुन्या गाडीची दुरुस्ती महाग वाटते तेव्हा तिची तुलना तिच्या किमतीशी न करता या हप्त्यांशी करावी.

टो ट्रकने गाडी काकांच्या ड्राइव्हवेत आणून ठेवली होती. आमच्या अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये गाडी खोलायला बंदी आहे. बहुतेक ठिकाणी असतेच, भाडेकरार वाचून पाहावा. मी लगेच नवा रेडिएटर मागवायला निघालो तर काकांनी थांबवले. "आधी इंजिन जिवंत आहे का ते बघू. मेलेल्याला नवे धोतर कशाला?"

तीन गोष्टी तपासल्या. एक, इंजिन ऑइलचे टोपण उघडून आत दुधाळ साय नाही ना. दोन, गिअरबॉक्सचे तेल. ऑटोमॅटिक गाडीत हे तेल थंड करणारी नळी बहुधा रेडिएटरच्या पोटातूनच जाते. ती आत फुटली तर तेल आणि कूलंट मिसळून गुलाबी मिल्कशेकसारखे दिसते, आणि मग गिअरबॉक्सचीच धडगत नसते. आमचे तेल लाल आणि स्वच्छ होते. तीन, गॅस्केटची चाचणी. फट वरच्या टाकीला होती, म्हणून तिच्या खालपर्यंत पाणी भरून इंजिन काही मिनिटे चालवता आले. रेडिएटरच्या तोंडावर निळ्या द्रवाची नळी धरायची. ज्वलनाचा वायू येत असेल तर निळा रंग पिवळा होतो. हे उपकरण पार्ट्सच्या दुकानातून अनामत ठेवून घरी आणता येते. आम्ही दोघे त्या नळीकडे टक लावून बसलो. निळा तो निळाच राहिला. मुलाखतीचा निकाल ऐकतानाही माझी छाती इतकी धडधडली नव्हती.

मग खरेदी. रेडिएटर १२८ डॉलर, वरची-खालची रबरी नळी ३८, थर्मोस्टॅट १९, नवे टोपण ११, कूलंट २४, डिस्टिल्ड वॉटर ३, गिअरबॉक्सचे तेल ९, क्लॅम्प ६. एकूण २३८, आणि न्यू जर्सीच्या ६.६२५ टक्के करासह २५४ च्या आसपास. नळ्या आणि थर्मोस्टॅट अजून चालले असते, पण त्यांचेही वय गाडीइतकेच. त्यासाठी पुन्हा सगळे उतरवण्यात अर्थ नव्हता. कूलंट मात्र आयते मिसळलेले घेऊ नका. त्यातले अर्धे पाणीच असते आणि किंमत जवळजवळ मूळ कूलंटइतकीच. मूळ कूलंट आणून निम्मे डिस्टिल्ड वॉटर घालावे. नळाच्या पाण्यातल्या क्षारांचा आत थर बसतो. कूलंटचा प्रकार गाडीच्या पुस्तिकेत दिलेला असतो, बाटलीच्या रंगावर जाऊ नये.

कामाला आम्हाला पाच तास लागले. मेकॅनिकने दोनात केले असते. खालचा नळ सोडून जुने पाणी परातीत घेतले, पंखे काढले, नळ्या सोडवल्या. एक नळी चिकटून बसली होती. मी ओढायला लागलो तर काकांनी सुरीने सरळ कापली. नवी आहेच, मग जोर कशाला? जुना आणि नवा रेडिएटर जमिनीवर शेजारी-शेजारी ठेवून प्रत्येक तोंड, प्रत्येक खिळण जुळवून पाहिली आणि मगच नवा बसवला. जुन्याच्या वरच्या प्लॅस्टिकच्या टाकीला केसाएवढी फट होती. वर्षानुवर्षे तापून-निवून प्लॅस्टिक ठिसूळ होते, एवढेच त्याचे कारण.

एक सूचना आरोग्याची. जुने कूलंट चवीला गोड आणि विषारी असते. परात उघडी ठेवू नये, मुले आणि कुत्री-मांजरी तोंड लावतात. कोणाच्या पोटात गेले तर लक्षणांची वाट न पाहता १-८००-२२२-१२२२ या पॉयझन हेल्पलाइनला फोन करावा. ते गटारात ओतू नये. झाकणबंद डब्यातून गावाच्या रिसायकलिंग केंद्रावर किंवा घेत असतील त्या दुकानात द्यावे.

सगळे जोडून गाडी सुरू केली आणि दहा मिनिटांत काटा पुन्हा चढायला लागला! हीटर गार. माझे हातपाय गळाले. काका मात्र शांत. "हवा अडकली आहे, दुसरे काही नाही." इंजिन बंद करून पूर्ण थंड होऊ दिले. नंतर गाडीचे तोंड चढाच्या बाजूला करून, टोपण सुरुवातीपासूनच उघडे ठेवून, हीटर पूर्ण सोडून इंजिन चालवले. बुडबुडे आले, पातळी खाली गेली, आम्ही भरत गेलो. हीटरने गरम हवा सोडली तेव्हा अंधार पडला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी गार इंजिनात आणखी अर्धी बाटली मावली.

आज नोकरी आहे, तर हाच प्रसंग आल्यावर पुन्हा पाना उचलीन का? खरे सांगायचे तर कदाचित ६४० देऊन मोकळा होईन. ड्राइव्हवे नसेल, थंडी कडाक्याची असेल किंवा काकांसारखे कोणी शेजारी नसेल, तर द्यावेतच. पण तेव्हाही वरच्या तीन तपासण्या आधी करवून घेईन, लेखी अंदाज मागीन आणि जुना सुटा भाग परत द्यायला सांगीन.

एक्कावन्नाव्या दिवशी नोकरी मिळाली. त्या मुलाखतीला प्रिन्स्टनला मी याच गाडीतून गेलो. जाताना निम्मे लक्ष काट्यावर होते. काकांचा दहा मिलिमीटरचा सॉकेट मात्र त्या दिवशी बॉनेटखाली कुठेतरी पडला तो पडलाच. मी नवा नेऊन दिला, तर म्हणाले, "हा ठेव तुझ्याकडे. माझा सापडला की आणून दे." अजून सापडलेला नाही.