नाकातली काडी

कोविडच्या काळात स्वॅब दिलेला माणूस आधी डोळ्यांत आलेलं पाणी सांगतो, रिपोर्टचं नंतर. काडीला जिथं जायचं असतं, ती जागाच तशी अवघड: नाकाची वाट मागे घशाला मिळते तिथली पोकळी. काडी वर नाही, टाळूला समांतर मागे सरकवायची, काही सेकंद थांबायचं आणि फिरवत बाहेर काढायची. घाईतला हात ती वर खुपसतो, म्हणून जास्त दुखतं.

काडीचं टोकही साधं नसतं. कापसाचा बोळा नमुना शोषतो, पण सहजी सोडत नाही. इटलीत ब्रेशियाच्या कोपान कंपनीनं विद्युतक्षेत्राच्या मदतीनं नायलॉनचे आखूड तंतू टोकावर उभे चिकटवले. नमुना या तंतूंतच अडकतो आणि नळीतल्या द्रवात चटकन उतरतो. लाकडी दांडी पीसीआर चाचणीत अडथळा आणू शकते, म्हणून ती बाद. मार्च 2020 मध्ये ब्रेशियाचा लोम्बार्डी प्रांत साथीनं पोळत होता, आणि त्याच महिन्यात अमेरिकेच्या हवाई दलाचं विमान इटलीतून पाच लाख स्वॅब घेऊन मेम्फिसला उतरलं.

इतकी खोल काडी हवीच का, हे वॉशिंग्टन राज्यातल्या दवाखान्यांत त्याच महिन्यात तपासलं गेलं. लक्षणं असलेल्या रुग्णांनी स्वतःच जिभेचा, नाकाच्या पुढच्या भागाचा आणि मधल्या भागाचा नमुना घेतला, खोलवरचा कर्मचाऱ्यांनी. खोल नमुन्यात सापडलेल्या बाधितांपैकी जिभेवर 89.8, पुढच्या नाकात 94.0 आणि मधल्या नाकात 96.2 टक्के सापडले. म्हणजे पुढची काडी हरली? पण या शर्यतीत पंचही खोल काडीच होती! विषाणू नुसता पुढेच सापडला, तर ते गुण कुणाच्याच खात्यात जात नाहीत. शिवाय बाधित जेमतेम पन्नास. एवढ्यावर दोन टक्क्यांचा फरक मी तरी मोजणार नाही. रुग्णानं स्वतः नमुना घेतला की कर्मचारी खोकल्याच्या माऱ्यातून वाचतो, हा फायदा मला जास्त मोठा वाटतो.

मे 2021 मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं (आयसीएमआर) पुण्याच्या मायलॅब कंपनीच्या ‘कोविसेल्फ’ या घरी करायच्या चाचणीला मान्यता दिली आणि पुढच्या नाकाची काडी अडीचशे रुपयांत घरी आली. इथं मात्र सावध राहायला हवं. ही अँटिजेन चाचणी; पीसीआरसारखी ती विषाणूच्या प्रती वाढवून शोधत नाही, त्यामुळे थोडा विषाणू तिच्या नजरेतून सुटतो. म्हणूनच आयसीएमआरचा नियम होता: पॉझिटिव्ह आली तर पुन्हा तपासणी नको, लक्षणं असून निगेटिव्ह आली, तर लगेच आरटी-पीसीआर.