ओट्यावरचं बोलणं सभेत कसं न्यावं?

आज आपण गप्पांवर बोलणार आहोत. हापशावर, खुरपताना, किराणा दुकानासमोर, गटाच्या बैठकीत सगळ्या जमेपर्यंत आपण जे बोलतो, त्यावर. लाडकी बहीणचा हप्ता, कापसाचा भाव, नळाचं पाणी, सरपंच, निवडणूक, यातलं काहीही आपल्या बोलण्यातून सुटत नाही. हप्ता लांबला की एखादी आत्या म्हणते, "भाऊ माहेरची वाट विसरला वाटतं!" नळ कोरडा असला की दुसरी म्हणते, "पाणी आलंय की, पण कागदावर. कागद पिळून प्या."

नांदूरघाटच्या आसपासच्या गटांत आम्ही हे रोज ऐकतो. एका वाक्यात अख्खं प्रकरण सांगणाऱ्या बाया आपल्यात आहेत. पण तीच आत्या ग्रामसभेत मागच्या रांगेत बसते आणि विचारलं तर म्हणते, "आम्हाला काय कळतंय?" ओट्यावर कळतं आणि सभेत कळत नाही, असं कसं होईल? म्हणून आजचा विषय हा, की गप्पांमधलं मत गप्पांमध्येच का राहतं, आणि ते सभेच्या वहीपर्यंत कसं न्यायचं.

आधी एक गोष्ट मनातून काढून टाकू. बायांच्या गप्पा म्हणजे रिकामपणाचे उद्योग, असं म्हणतात. आपल्या आज्या पहाटे जात्यावर बसून ओव्या गायच्या, त्या फक्त माहेर-सासरच्या नव्हत्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगाव फिरून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यात आपल्या बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरच्या बाया आहेत. त्यांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्या १९९६ साली ध्वनिमुद्रित झाल्या. शाळेची पायरी न चढलेल्या बायांनी देशाच्या कारभारावरचं आपलं म्हणणं दळता दळता मांडलं होतं. तेव्हा राजकारणावर बोलणं ही बायांची नवी सवय नाही.

बायांच्या टोमण्यात किती जोर असतो, याचा एक दाखला दूरच्या आफ्रिकेतला आहे. नायजेरिया देशात तेव्हा इंग्रजांचं राज्य होतं. १९२९ च्या नोव्हेंबरात ओलोको नावाच्या गावात सरकारने नेमलेल्या मुखियाचा माणूस घरोघर माणसं आणि जनावरं मोजत फिरत होता. पुरुषांवर कर आधीच बसला होता. आता बायांवरही बसणार, अशी धास्ती होती. न्वान्येरुवा नावाची विधवा बाई पामची फळं कुटून तेल काढत होती. तिला त्याने मोजणी द्यायला सांगितलं, तेव्हा तिने उलट विचारलं, तुझ्या आईची मोजणी झाली होती का?

एवढ्या एका प्रश्नावरून बाजारात जमलेल्या बायांपर्यंत निरोप गेला. तिथल्या बायांची एक जुनी रीत होती. ज्याने बायांना त्रास दिला त्याच्या दारात जाऊन बसायचं, नाचायचं आणि त्याची थट्टा करणारी गाणी म्हणायची, तो ऐकेपर्यंत. मुखियाच्या दारात त्यांनी तेच केलं. बायांवर कर बसणार नाही, असं त्यांनी लेखी मागितलं. मुखियाला पुढे तुरुंगात जावं लागलं. चळवळ गावोगाव पसरली, हजारो बाया उतरल्या. गोळीबारात पन्नासहून जास्त बाया मारल्या गेल्या, हेही विसरता येत नाही. पण काही वर्षांत सरकारला मुखिया नेमायची ती पद्धत बंद करावी लागली.

त्या बाया नुसतं टोमणे मारून घरी गेल्या नाहीत. त्यांनी काय हवं ते ठरवलं, ज्याच्याकडे मागायचं त्याच्याच दारात गेल्या आणि कागदावर मागितलं. गप्पेचं मत होतं ते असं. आपणही या तीन पायऱ्या धरू.

पहिली पायरी, ऐकलेलं तपासून घ्यायचं. समजा, हापशावर कुणी म्हणालं, "घरात ट्रॅक्टर असला की लाडकी बहीणचे पैसे बंद." तासाभरात हे चार वस्त्यांवर पोचतं. तेव्हा तीन प्रश्न विचारायचे. कुणी सांगितलं? कधीचं आहे? कुठे लिहिलंय? मोबाईलवर आलेल्या मजकुराखाली तारीख आणि खात्याचं नाव नसेल तर तो पुढे ढकलायचा नाही. या योजनेच्या २०२४ च्या शासन निर्णयात वयाची अट २१ ते ६५ वर्षं आणि कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला अडीच लाख रुपये आहे. चारचाकी असलेल्या कुटुंबाला लाभ नाही असं त्यात म्हटलंय, पण ट्रॅक्टर त्यातून वगळलाय. म्हणजे ती बातमी खोटी ठरली. नियम बदलू शकतात, म्हणून तारीख पाहणं महत्त्वाचं.

दुसरी पायरी, मागणी नेमकी करायची. "गावात काही सोय नाही" हे गाऱ्हाणं झालं. "आमच्या वस्तीवरचा हापसा बंद आहे, तो दुरुस्त करावा" ही मागणी झाली. गाऱ्हाण्यावर लोक मान हलवतात. मागणी आली की उत्तर द्यावं लागतं.

तिसरी पायरी, योग्य जागी मांडायची. प्रत्येक नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची स्वतंत्र सभा घ्यावी, असा कायदाच आहे. तिथलं म्हणणं पुढे ग्रामसभेसमोर ठेवायचं असतं. पण पुष्कळदा ही सभा वहीतच होते. सहीसाठी रजिस्टर घरी आलं, तर वरचा मजकूर वाचून घेतल्याशिवाय सही किंवा अंगठा देऊ नका. ग्रामसभेची गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, यातली कमी असेल ती. माणसं कमी पडली तर सभा तहकूब होते, आणि तहकूब झालेल्या सभेला ही अट नसते. म्हणजे आपण गेलो नाही, तर मोजक्या लोकांत ठरावं होतात आणि ते आपल्यालाही लागू पडतात.

आपल्या जिल्ह्याची एक अडचण वेगळी आहे. ग्रामसभा साधारण २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या आसपास होतात. २६ जानेवारीला आपल्या कितीतरी बाया उसाच्या फडात कोयता घेऊन असतात. पुढच्या वर्षाच्या गाव आराखड्याची चर्चा २ ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत चालते, आणि टोळ्या तर दिवाळीच्या पुढे-मागे निघून जातात. मग आराखड्यात ऊसतोड बायांचं म्हणणं येणार कसं? म्हणून ज्या जाणार आहेत त्यांनी १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या सभा चुकवू नयेत. मागं राहणाऱ्या मुलांची सोय, म्हाताऱ्या माणसांचं रेशन, हे गाडीत बसायच्या आधी वहीत लिहून घ्या.

दारूबंदीचंही असंच आहे. परवाना असलेलं दारूचं दुकान बंद करायला आधी गावातल्या २५ टक्के महिला मतदारांच्या सह्या लागतात. मग उभी बाटली की आडवी बाटली, असं गुप्त मतदान होतं. आडव्या बाटलीला एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं पडावी लागतात. नीट ऐका, आलेल्यांच्या नाही, यादीत असलेल्या सगळ्यांच्या निम्म्याहून जास्त. घरी बसलेली बाई आणि फडात गेलेली बाई, दोघींची न आलेली मतं उभ्या बाटलीच्याच कामी येतात. म्हणून असं मतदान टोळ्या गावात असतानाच व्हावं, यासाठी आधीपासून प्रयत्न करा.

आता थट्टेविषयी एक शब्द. थट्टा जरूर करा, तिने भीती मोडते. पण ती कुणाची करायची ते आपल्या हातात आहे. कारभाऱ्याची करा, पुढाऱ्याची करा. नवऱ्याने टाकलेल्या बाईची, सभेत पहिल्यांदा बोलताना अडखळलेल्या सुनेची करू नका. महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतीत निम्म्या जागा आपल्या आहेत. तरी निवडून आलेली बाई बोलायला उठली की आधी आपणच हसतो. पुरुषांच्या हसण्यापेक्षा तिला हे हसणं जास्त लागतं.

येत्या बैठकीत एवढं करून पाहा. हिशेब संपला की अर्धा तास मोकळ्या गप्पा होऊ द्या. लिहिता येणाऱ्या एकीने त्यातल्या तीन मागण्या नेमक्या शब्दांत वहीत उतरवाव्या आणि पुन्हा वाचून दाखवाव्या. सगळ्यांच्या सह्या घ्या. ग्रामपंचायतीत अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. सभेत एकटी उठू नका, एक बोलेल तेव्हा दोघी तिच्या शेजारी उभ्या राहा. ठराव झाला की तो वहीत लिहिलेला पाहूनच घरी या.