सात्या, धिंगरी आणि भुकटीचा हिशेब

आषाढ-श्रावणात वारुळांभोवती उगवणाऱ्या सात्यांची, म्हणजे रानअळंबीची, वर्षभर वाट पाहणाऱ्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या मुलखात, मूल-सिंदेवाहीपासून आरमोरी-वडशापर्यंतच्या धानपट्ट्यातील तणसावर वाढणारी धिंगरी अळंबी आणि तिची वाळवून दळलेली भुकटी यांचीही आता भर पडल्यामुळे, ताजी अळंबी श्रेष्ठ की भुकटी, या वादास तोंड फुटले आहे. आणि दोन्ही पक्षांकडून विसरली जाणारी बाब एकच, ती म्हणजे ताज्या अळंबीच्या वजनात सुमारे ९० टक्के पाणीच असते.

भुकटीत दसपट ताकद असते, हा पहिला समज. दहा किलो ताज्या मालाची वाळून जेमतेम किलोभर भुकटी होते, तेव्हा शेकडा तीनच्या आसपास असलेले प्रथिन शेकडा वीस-पंचविसावर गेलेले दिसते, यात गुणवृद्धी नाही, केवळ अपूर्णांकाचा छेद बदललेला आहे. पाच ग्रॅमच्या चमच्यात एक-सव्वा ग्रॅम प्रथिन पडते, तेवढे तितक्याच तुरीच्या डाळीतही असते. आणि डाळ कोणी चमच्याने मोजून खात नाही! शिवाय अळंबीच्या पेशीभित्तीतील कायटिनातही नत्र असल्याने, नत्रास ६.२५ ने गुणण्याच्या रूढ रीतीने काढलेला प्रथिनांचा आकडा फुगतो. म्हणून जाणकार ४.३८ हा गुणक घेतात.

वाळविल्याने सत्त्वच जाते, हा उलट समजही तितकाच निराधार. उष्णतेने काही जीवनसत्त्वे घटतात, खनिजे व तंतू मात्र राहतात. आणि अतिनील किरणांनी अळंबीतील अर्गोस्टेरॉलचे ड-२ जीवनसत्त्व होत असल्यामुळे, छपराखाली वाढलेली धिंगरी उन्हात वाळविल्यास त्या बाबतीत ताजीहून सरसच ठरते.

परंतु वाळविल्याने वा शिजविल्याने विष उतरते, हा समज प्राणघातक आहे. अ‍ॅमॅनिटा वंशातील काही छत्र्यांतले अमॅटॉक्सिन चुलीलाही दाद देत नाही आणि उन्हालाही. पहिली लक्षणे बहुधा सहा तासांनंतर, कित्येकदा त्याहूनही उशिरा दिसतात, तोवर यकृतावर घाला पडलेला असतो. चांदीचे नाणे काळे पडणे, हळदीचा रंग बदलणे, किड्यांनी कुरतडलेले असणे, या कसोट्यांना पुराव्याची किंमत नाही. रानातल्या अनुभवी बाया टोपी, तिच्याखालचे पडदे, देठाचा बुडखा पाहून सात्या ओळखतात, आणि दळताना नेमकी हीच साक्ष नष्ट होते. सात्या ही वाळवीने वारुळात जोपासलेल्या बुरशीची उपज असून तिची व्यापारी लागवड अद्याप साधलेली नाही. तेव्हा रानातल्या अळंबीची म्हणून विकली जाणारी भुकटी, वेचणारा माहितीचा असल्याखेरीज, घेऊ नये.

खात्रीच्या धिंगरीची भुकटीही हवेतील ओल शोषून घेते, म्हणून ती घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवावी, आमटीत शिजवून खावी, आणि श्रावणात तिला बुरशीचा वास येऊ लागल्यास पुन्हा उन्हात घालण्याच्या भानगडीत न पडता सरळ उकिरड्यावर टाकावी.